एक मिळकत, तीन खरेदीखते

दिवाणी कोर्टाची पायरी ज्यास एकदा तरी चढावी लागली आहे, त्या वाचकास पुढील प्रकार नवा वाटणार नाही. एखादा इसम एक जमीन आपली म्हणून दाखवितो, सोमवारी एकास तिचे साठेखत करून देतो, बुधवारी तीच जमीन दुसऱ्याच्या नावे लिहून देतो आणि शनिवारी तिसऱ्याकडून विसार घेऊन मोकळा होतो. शेवटी चौकशीत असे निघते की, जमीन मुळी त्याची नव्हतीच. ती शेजाऱ्याची होती व शेजारी अद्याप तीत नांगर धरून उभा होता! अशा इसमास कायदा काय म्हणतो व त्याची रवानगी कोठे करतो, हे सांगावयास नको. पण हाच व्यवहार एखाद्या साम्राज्याच्या परराष्ट्रखात्याने केला, जमिनीच्या जागी सीरिया, इराक व पॅलेस्टाइन हे देश घातले आणि साठेखतांच्या जागी गोड भाषेतले खलिते ठेवले, म्हणजे त्यास मुत्सद्देगिरी असे नाव पडते, व तो करणाऱ्यांच्या छातीवर पदके चढतात.

सन १९१४ ते १९१८ च्या महायुद्धात तुर्की साम्राज्याच्या मुलखात असा व्यवहार झाला. पश्चिम आशियात आजही जी रक्ते सांडत आहेत, त्यांची बातमी आली की आमच्याकडील पुष्कळ सुशिक्षित गृहस्थ मान हलवून म्हणतात, “तेथील लोकच तसे; धर्मवेड त्यांच्या हाडीमासी खिळले आहे.” या मताचा आम्हांस विचार करावयाचा आहे. आमचे म्हणणे असे की, त्या काळी धर्माची मशाल ज्यांनी ज्यांनी पेटविली, त्यांतील बहुतेकांची कचेरी मशिदीत नसून बर्लिन, लंडन, पॅरिस, पेट्रोग्राड व कैरो येथे होती. इस्तंबूलच्या राज्यकर्त्यांसही आम्ही यातून वगळीत नाही. ज्यास हे अतिशयोक्त वाटेल त्याने कागद वाचावे. कागद आता गुप्त राहिलेले नाहीत.

प्रथम जर्मनीची बाजू घेऊ. जर्मन बादशहा दुसरा विल्हेल्म १८९८ साली दमास्कसला गेला आणि सलाउद्दीनच्या थडग्यास मान देऊन आपण जगातील तीस कोटी मुसलमानांचे कायमचे मित्र आहोत, असे त्याने सांगितले. या मैत्रीच्या मागोमाग बगदादच्या रेल्वेचा मक्ता आला, हे वाचकांनी ध्यानात ठेवावे. २ ऑगस्ट १९१४ रोजी जर्मनी व तुर्कस्तान यांचा गुप्त तह झाला, आणि १४ नोव्हेंबरला इस्तंबूलच्या फातिह मशिदीत धर्मयुद्धाचे फतवे वाचले गेले. फतव्यांचा अर्थ असा की, इंग्रज, फ्रेंच व रशियन यांच्या विरुद्ध शस्त्र धरणे हे मुसलमानांचे धर्मकर्तव्य होय. जर्मन व ऑस्ट्रियन हे मात्र दोस्त! काफरांतही सोयीचे आणि गैरसोयीचे असे दोन वर्ग पाडणारे हे धर्मशास्त्र कोणत्या मदरशात शिकवीत होते, हे आम्हांस ठाऊक नाही. डच पंडित स्नूक हुर्खोन्ये यांनी १९१५ साली त्यास जर्मनीत तयार झालेले धर्मयुद्ध म्हटले, ते यथार्थच होते. मॅक्स फॉन ओपेनहाइम या पुराणवस्तुसंशोधकाने शत्रूंच्या मुसलमानी मुलखांत बंडे कशी उठवावीत, याचा १३६ पानांचा मसुदाच बर्लिनच्या दरबारी सादर केला. त्या योजनेपैकी बर्लिनजवळ व्यून्सडॉर्फ येथील कैद्यांच्या छावणीत १९१५ साली एक लाकडी मशीद उभी राहिली. पकडलेल्या मुसलमान शिपायांस तेथे नमाजाची सोय मिळे आणि त्यासोबत तुर्की सैन्यात दाखल होण्याचा आग्रहही होई. भक्ती आणि भरती यांची गाठ इतक्या उघडपणे मारलेली क्वचितच पाहावयास मिळते.

इंग्रजांस याची धास्ती वाटली हे स्वाभाविक होते. कारण तुर्की सुलतानाच्या प्रजेत जितके मुसलमान होते, त्यांच्या कितीतरी पट इंग्रज राजाच्या अमलाखाली होते. म्हणून तुर्कस्तानशी बिघडताच २ नोव्हेंबर १९१४ रोजी हिंदुस्थान सरकारने जाहीर केले की, अरबस्तानातील व इराकातील पवित्र स्थानांस आमच्या फौजा धक्का लावणार नाहीत. १५ फेब्रुवारी १९१५ रोजी सिंगापुरात पाचव्या लाइट इन्फंट्रीतील शिपायांनी बंड केले. आपणांस तुर्कांवर पाठविणार, ही अफवा त्याच्या कारणांपैकी एक होती. पुढे ४७ शिपायांस भिंतीपुढे उभे करून गोळ्या घातल्या. तथापि एकंदरीने पाहता खलिफाच्या हाकेला हिंदी मुसलमान शिपाई धावून गेला नाही. त्याला घर होते, पगार होता, पलटणीची लाज होती आणि स्वतःची अक्कलही होती. फतव्यावर दुनिया हलेल असे मानणारे जर्मन मुत्सद्दी व फतव्याला थरथर कापणारे इंग्रज मुत्सद्दी, या दोघांनीही मुसलमानास माणूस न समजता दारूगोळ्याचे कोठार समजले, ही त्यांची समाईक चूक.

आता आमच्या मथळ्यातील खरेदीखतांकडे वळू.

पहिले खत मक्केच्या शरीफ हुसेनच्या नावाचे. मिसरातील इंग्रजांचे हायकमिशनर सर हेन्री मॅकमहोन व हुसेन यांच्यात जुलै १९१५ ते मार्च १९१६ पर्यंत दहा पत्रे झाली. हे मॅकमहोन म्हणजे हिंदुस्थान सरकारचे पूर्वीचे परराष्ट्रचिटणीस. १९१४ साली सिमल्यास तिबेटच्या सरहद्दीवर ज्यांच्या नावाची रेषा ओढली गेली तेच हे. नकाशावर जाड पेन्सिल फिरवून पुढच्या पिढ्यांस भांडण नेमून देण्याची त्यांची हातोटी विलक्षण होती, असेच म्हणावे लागते! २४ ऑक्टोबर १९१५ च्या पत्रात त्यांनी अरबांचे स्वातंत्र्य मान्य करण्याचे व त्यास साह्य करण्याचे वचन दिले. मात्र त्यातून काही भाग वगळला. वगळलेला भाग कोणता? तर दमास्कस, होम्स, हमा व अलेप्पो या ‘जिल्ह्यां’च्या पश्चिमेस असलेला सीरियाचा तुकडा. यातील ‘जिल्हा’ या शब्दाकरिता जो अरबी शब्द वापरला, त्याचा एक अर्थ शहराचा परिसर व दुसरा अर्थ तुर्की प्रांत. होम्स किंवा हमा या नावाचा प्रांत तर तुर्कांच्या दप्तरी नव्हताच. पॅलेस्टाइनचे नाव पत्रात कोठेही नाही, आणि नकाशा उघडून पाहणारा शाळेतला मुलगाही सांगेल की पॅलेस्टाइन हे या चार शहरांच्या पश्चिमेस नसून बरेच दक्षिणेस आहे. तरीही १९२२ साली इंग्रज सरकारने जाहीर केले की, पॅलेस्टाइन वगळलेलेच होते.

दस्तऐवजाची भाषा संदिग्ध असली तर तिचा अर्थ लिहून देणाऱ्याच्या विरुद्ध धरावा, हे तत्त्व इंग्रजांनीच आम्हांस शिकविले. आमच्या येथील कनिष्ठ कोर्टातला उमेदवार वकीलही ते घोकून पाठ करतो. पण येथे लिहून देणारा हाच न्यायाधीश झाला, आणि दस्तऐवज त्याने पेटीत घालून किल्ली कमरेला लावली. ती पत्रे इंग्रज सरकारने अधिकृतपणे छापली ती १९३९ साली, म्हणजे जवळजवळ चोवीस वर्षांनी. आणि त्याच वर्षी नेमलेल्या कमिटीत त्यांच्याच प्रतिनिधींस कबूल करावे लागले की, रहिवाशांच्या इच्छेची पर्वा न करता पॅलेस्टाइनची वाटेल तशी वासलात लावण्यास आपण मोकळे नव्हतो.

प्रतिवादीच्या बाजूनेही दोन शब्द बोलणे न्यायाचे होईल. हुसेनने आपले बळ फुगवून सांगितले होते. फारुकी नावाचा तुर्की फौजेतला एक तरुण अरब अंमलदार गॅलिपोलीस इंग्रजांकडे पळून आला व तुर्की सैन्यातील अरब अधिकारी आमच्या इशाऱ्याची वाट पाहत आहेत, असे त्याने भासविले. ते पुष्कळसे बाजारगप्पांसारखे ठरले. पुष्कळ अरब शिपाई अखेरपर्यंत तुर्की निशाणाखालीच लढले. तेव्हा मोबदला सांगितला तेवढा भरला नाही, असे इंग्रजांस म्हणता आले असते. पण तसे त्यांनी कधी म्हटले नाही. हुसेनचे बंड जून १९१६ मध्ये उठले, तेव्हा त्यांनी त्याची वाहवा केली, सोने पाठविले, आणि दुसरे खत करून ठेवल्याचे त्याला कळू दिले नाही.

कारण दुसरे खत त्यापूर्वीच पुरे झाले होते! सर मार्क साइक्स व फ्रान्सचे जॉर्ज पिको यांनी आखलेल्या वाटणीवर मे १९१६ मध्ये, म्हणजे हुसेनच्या बंडाच्या आदल्या महिन्यात, शिक्कामोर्तब झाले. अक्र शहराच्या नावातील शेवटच्या अक्षरापासून किर्कुकच्या शेवटच्या अक्षरापर्यंत एक रेघ ओढावी, असे साइक्सने डिसेंबर १९१५ मध्ये इंग्रज मंत्र्यांपुढे सांगितले होते. रेघेच्या उत्तरेस फ्रेंच, दक्षिणेस इंग्रज. पॅलेस्टाइन सर्वांचे मिळून. ज्यांच्या शेतांवरून, विहिरींवरून व कबरस्तानांवरून ती रेघ जाणार होती, त्यांपैकी एकासही विचारण्याची गरज कोणास भासली नाही. कागदावरच्या अक्षरांवरून देश कापण्याची ही रीत आमच्या पूर्वीच्या पाटील-कुलकर्ण्यांसही सुचली नसती. ते निदान बांधावर जाऊन चार शेजाऱ्यांस साक्षीला बोलावीत.

तिसरे खत २ नोव्हेंबर १९१७ चे. परराष्ट्रमंत्री बाल्फोर यांनी लॉर्ड रॉथशिल्ड यांस पत्र लिहून पॅलेस्टाइनात यहुदी लोकांकरिता राष्ट्रीय वसतिस्थान निर्माण करण्यास साह्य देऊ केले. युरोपात ज्या लोकांनी शतकानुशतके छळ सोसला, त्यांच्या निवाऱ्याच्या आकांक्षेविषयी आमच्या मनात आदरच आहे. आमचा आक्षेप देणाऱ्यावर आहे, घेणाऱ्यावर नाही. त्या दिवशी पॅलेस्टाइन इंग्रजांच्या मालकीचे नव्हते. येरुशलेम त्यांच्या ताब्यात यावयास अजून पाच आठवडे होते. तेथील रहिवाशांत दहांपैकी सुमारे नऊ अरब होते. पण पत्रात त्यांचे नावही नाही. ‘तेथील यहुदी नसलेले समाज’ असा त्यांचा निर्देश करून त्यांच्या दिवाणी व धार्मिक हक्कांस धक्का लागणार नाही, एवढेच म्हटले. राजकीय हक्कांविषयी अवाक्षर नाही. मसुदा कसलेल्या हातचा होता, हे कोणीही कायदेपंडित मान्य करील. इंग्रज मंत्रिमंडळात या पत्राविरुद्ध सर्वांत तीव्र विरोध केला तो एडविन माँटेग्यू या यहुदी गृहस्थाने, जे त्या वेळी हिंदुस्थानचे स्टेट सेक्रेटरी होते. ज्याच्या भल्याकरिता म्हणून दान दिले जात होते, त्याच्या जातीचा मंत्रिमंडळातला एकच मनुष्य ‘हे नको’ म्हणत होता, ही गोष्ट विसरण्यासारखी नाही.

खरेदीखते तीन, हे आम्ही सौम्यपणाने म्हटले. खुद्द इस्तंबूल मार्च १९१५ च्या करारान्वये रशियाच्या झाराला देऊ केले होते, व इटलीला एप्रिल १९१५ मध्ये अनातोलियाच्या दक्षिण किनाऱ्याचा वाटा कबूल केला होता. रशियात क्रांती झाली, बोल्शेविकांनी झारची पेटी फोडली आणि नोव्हेंबर १९१७ मध्ये ही सारी गुप्त कागदपत्रे वर्तमानपत्रांत छापली, म्हणून जगाला कळले. तुर्की सेनापती जमाल पाशाने तत्काळ ती अरबांपुढे मांडली. हुसेनने गोंधळून इंग्रजांस विचारले, तेव्हा फेब्रुवारी १९१८ मध्ये उत्तर आले की, हा तुर्कांचा तुमच्या-आमच्यात फूट पाडण्याचा डाव आहे. म्हणजे लबाडी उघडी पाडणारा तो लबाड! जमाल पाशाही काही साधुपुरुष नव्हता. ६ मे १९१६ रोजी दमास्कस व बैरूत येथे अरब देशभक्तांस त्याने फासावर चढविले होते. आणि त्याच्या सरकारने १९१५ पासून आर्मेनियन प्रजेची जी लाखोंनी कत्तल केली, ती त्या युद्धातील सर्वांत काळी गोष्ट होय. इंग्रजांच्या पापाचा पाढा वाचताना तुर्कांस गंगास्नान घालण्याची आमची इच्छा नाही.

यात आणखी एक विनोद असा की, इंग्रजांचा उजवा हात डाव्या हाताशी भांडत होता. कैरोची कचेरी हुसेनला सोने देत असता, हिंदुस्थान सरकारचे सर पर्सी कॉक्स यांनी २६ डिसेंबर १९१५ रोजी नेज्दच्या इब्न सौदशी तह केला व पुढे त्यालाही दरमहा तनखा सुरू झाला. मे १९१९ मध्ये तुराबा येथे या दोघांच्या माणसांची लढाई झाली. दोन्ही बाजूंची तिजोरी एकाच धन्याच्या पैशाने भरलेली! १९२४ साली इब्न सौदने मक्का घेतली आणि अरबांचा राजा म्हणविणारा हुसेन गादी सोडून परागंदा झाला. त्याचा मुलगा फैसल मार्च १९२० मध्ये दमास्कसच्या तख्तावर बसला होता. जुलैत फ्रेंचांनी मैसलून येथे त्याच्या सैन्याची दाणादाण करून त्याला हाकलले, व इंग्रज स्वस्थ बसले. पुढील वर्षी त्यालाच उचलून इराकच्या गादीवर बसविले. जणू राजे म्हणजे बुद्धिबळातली प्यादी!

“हे सारे अरबांचे झाले, आमचा त्याशी संबंध काय?” असे विचारणाऱ्या वाचकास आम्ही कूत-अल-अमाऱ्यास घेऊन जातो. इराकची मोहीम प्रथम हिंदुस्थान सरकारनेच चालविली, आणि बगदादच्या रोखाने जी फौज ढकलली तिचे नावच मुळी सहावी पुणे डिव्हिजन. तीत १०३ वी, ११० वी व ११७ वी अशा तीन मराठा पलटणी होत्या. नोव्हेंबर १९१५ मध्ये टेसिफोन येथे मार खाऊन जनरल टाउनशेंड कूतला परतला, आणि ७ डिसेंबरपासून तुर्कांनी त्यास वेढले. वेढा जवळजवळ पाच महिने चालला. धान्य संपत आले, तेव्हा घोडे मारून खाण्याचा हुकूम झाला. हिंदू व मुसलमान शिपायांनी उपाशी राहून ते मांस नाकारले, आणि अशक्तपणाने व रक्तपितीने माणसे खंगू लागली. हिंदुस्थानातून धर्मपंडितांची व मौलवींची परवानगी बिनतारी यंत्राने मागविण्यात आली! वेढा फोडण्यास गेलेल्या फौजेचे सुमारे २३,००० लोक मेले किंवा जखमी झाले, आणि आत अडकलेले होते १३,०००. शेवटी इंग्रज सरकारने काय केले? तुर्की सेनापती खलील पाशास लाच देऊ केली: प्रथम दहा लाख पौंड, मग वीस लाख. बोलणी करण्यास गेलेल्यांत पुढे अरबस्तानात नाव मिळविलेला कॅप्टन लॉरेन्स होता. खलीलने पैसा झिडकारला व तुर्कांनी ती गोष्ट जगभर पसरविली. २९ एप्रिल १९१६ रोजी कूत शरण गेले.

पुढचा भाग लिहिताना लेखणी अडखळते. शिपायांस वाळवंटातून पायी हाकलले. वाटेत व कैदेत मिळून सुमारे चार हजार लोक मेले. जनरलसाहेब मार्मारा समुद्रातील बेटावर बंगल्यात राहिले आणि १९१७ साली, कैदेत असतानाच, त्यांस ‘सर’ हा किताब मिळाला. मोहिमेच्या चौकशी कमिशनचा अहवाल १९१७ साली बाहेर पडला. औषधे, तंबू, नावा, काहीच पुरेसे नव्हते, असे त्यात निघाले. स्टेट सेक्रेटरी ऑस्टिन चेंबरलेन यांनी राजीनामा दिला. त्याच वर्षी हिंदुस्थानच्या तिजोरीतून युद्धास दहा कोटी पौंडांची देणगी गेली. सातारा, कोल्हापूर, रत्नागिरीकडच्या शेतकऱ्याचा मुलगा आणि त्याच्या बापाचा सारा, दोन्ही त्या व्यवहारात खर्ची पडले, ज्यातील खरेदीखते आम्ही वर वाचून दाखविली.

आमच्या नशिबीही एक खत होतेच. जबाबदारीच्या राज्यपद्धतीचे वचन देणारी माँटेग्यू यांची घोषणा २० ऑगस्ट १९१७ ची. बाल्फोरच्या पत्राहून दहा आठवडे आधीची. जून १९१८ मध्ये मुंबईच्या युद्धपरिषदेत लोकमान्य टिळकांनी सैन्यभरती व स्वराज्य यांचा संबंध जोडताच गव्हर्नर विलिंग्डन यांनी त्यांस बोलू दिले नाही, व ते सभा सोडून निघून गेले. मार्च १९१९ मध्ये रौलट कायदा आला. खत वाचावयाचे ते सही होण्यापूर्वी, हे लोकमान्यांस नीट कळत होते.

सर्वांस मात्र ते कळले नाही, आणि येथे आमच्या स्वकीयांविषयीही स्पष्ट बोलले पाहिजे. जर्मन-तुर्की मंडळाबरोबर १९१५ साली काबूलला पोहोचलेले राजा महेंद्रप्रताप व मौलवी बरकतुल्ला यांनी १ डिसेंबरला तेथे हिंदुस्थानचे हंगामी सरकार स्थापिले. एक हिंदू संस्थानिक अध्यक्ष व एक मुसलमान विद्वान मुख्य प्रधान, हे दृश्य उदात्त होते यात संशय नाही. पण ज्या अमीर हबिबुल्लाच्या जोरावर ते उभारले, तो इंग्रजांचा तनखा घेत होता व वारा कोणीकडून वाहतो ते पाहत होता. देवबंदचे वयोवृद्ध शेख महमूद हसन तुर्कांचे साह्य मिळविण्यास हेजाजला गेले. तुर्कांस धर्मभ्रष्ट ठरविणाऱ्या कागदावर त्यांनी सही नाकारली, म्हणून शरीफ हुसेनने त्यांस पकडून इंग्रजांच्या हवाली केले, आणि १९२० पर्यंत ते माल्टात कैदेत राहिले. अरबांच्या स्वातंत्र्याकरिता उठलेल्या राजाने हिंदुस्थानच्या स्वातंत्र्याकरिता झटणाऱ्या धर्मगुरूस बेड्या घालाव्यात, यावरून साम्राज्याच्या सोंगट्या एकमेकींस कशा मारतात ते दिसते.

खिलाफत चळवळीचेही तेच. तुर्कांची राजधानी वा त्यांचे मूळचे प्रांत हिरावण्यासाठी आम्ही लढत नाही, असे लॉइड जॉर्ज यांनी जानेवारी १९१८ मध्ये सांगितले, आणि ऑगस्ट १९२० च्या सेव्ह्रच्या तहात ते वचन पायदळी तुडविले. तेव्हा मुंबईस मुख्य कचेरी असलेल्या खिलाफत कमिटीचा संताप सकारण होता. हिंदु-मुसलमानांनी त्यात एकत्र येणेही स्तुत्य होते. पण वचनभंगाचा खटला चालवावयाचा सोडून आमच्या पुढाऱ्यांनी खलिफाच्या गादीचा खटला चालविला. ती गादी तुर्कांच्या स्वतःच्या राष्ट्रसभेनेच ३ मार्च १९२४ रोजी मोडून टाकली, आणि आमच्या सभांतून गोळा झालेला उत्साह अधांतरी लोंबकळत राहिला. तुर्कांनी सेव्ह्रचा तह फाडला तो फतव्याने नव्हे. अंकाऱ्याची लोकनियुक्त सभा व अनातोलियाचा शेतकरी यांच्या बळावर त्यांनी १९२३ साली लोझानला नवा तह मिळविला. आमच्या येथे मात्र अंकाऱ्याच्या सभेपेक्षा इस्तंबूलच्या राजवाड्याकडे अधिक डोळे लागले होते. सुधारणेच्या दृष्टीने ही मोठी हानी झाली, असे आमचे मत आहे.

आता एका व्यावहारिक गोष्टीविषयी. इराकच्या त्या मोहिमांत ज्यांची कबर सापडली नाही, अशा चाळीस हजारांहून अधिक लोकांचे स्मारक १९२९ साली बसऱ्याजवळ उभारले. त्यावर गोऱ्या शिपायांची नावे दगडात कोरली. हिंदी शिपायांच्या बाबतीत अंमलदारांची नावे आणि बाकीच्यांचा पलटणीखाली केवळ आकडा! युद्धस्मारकांचे काम पाहणाऱ्या कमिशनने २०२१ साली आपल्या अहवालात हा भेद मान्य करून माफी मागितली. माफी झाली, नावांचे काय? महाराष्ट्र सरकारने, विद्यापीठांनी व इतिहास संशोधक मंडळांनी मिळून मराठा पलटणींच्या जुन्या याद्या गाववार लावाव्यात, कोणत्या तालुक्यातला कोण कूतला पडला व कोण कैदेच्या वाटेवर, हे निश्चित करावे, आणि त्या त्या गावच्या चावडीवर किंवा शाळेच्या भिंतीवर ती नावे मराठीत लिहावीत. खर्च फारसा नाही. कित्येक गावांत महायुद्धास किती माणसे गेली याचे संगमरवरी फलक अद्याप आहेत. पण त्यांवरही गेलेल्यांची संख्या आहे, नाव नाही. त्या फलकाखाली दुसरा फलक बसविण्यास जागा पुष्कळ आहे.